पिशवीतले कागद आणि परदेशची पदवी

(बी.ए. तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी)

वार्षिकांकासाठी साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागली की आमच्या वर्गात दरवर्षी तेच घडते. निम्मी मुले ‘आई’ या विषयावर कविता देतात, उरलेली ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’ हा लेख लिहितात, आणि एखादा शहाणा मागच्याच अंकातले विनोद क्रम बदलून पुन्हा देतो. मी संपादक सरांना माझा विषय सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, “हेल्थ इन्फॉर्मेटिक्स? हे आपल्या अभ्यासक्रमात कुठे आले? हा लेख तू एखाद्या विज्ञान महाविद्यालयाच्या अंकाकडे पाठव.” सरांचा मला राग नाही. नाव ऐकून कोणाचाही तसाच समज होईल. परंतु माझे म्हणणे असे, की हा विषय जितका संगणकाचा आहे तितकाच, किंबहुना काकणभर अधिकच, भाषा आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे. तो शिकायला आपल्या भागातून जी मुले-मुली परदेशी जातात त्यांना हे कोणी वेळेवर सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

हेल्थ इन्फॉर्मेटिक्सला मराठीत आरोग्य-माहितीशास्त्र म्हणता येईल. रोग्याविषयीची माहिती लिहायची कशी, जपायची कशी, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात न्यायची कशी आणि हजारो रोग्यांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांतून काही शहाणपण काढायचे कसे, याचे ते शास्त्र. व्याख्या एवढी पुरे. मला हे शास्त्र पहिल्यांदा दिसले ते आमच्या मावशीच्या घरी, खुंटीला टांगलेले.

मावशीचे गाव अहमदपूर तालुक्यात. जिल्हा लातूर, पण लातूरला जाणारी बस आणि नांदेडला जाणारी बस यांत जी आधी येईल ती धरायची, असा तिथला रिवाज. त्यामुळे एकाच माणसाचा एक आजार लातूरच्या डॉक्टरांकडे आणि दुसरा नांदेडच्या, असे नेहमी होते. दोन्ही डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे आणि औषधाच्या दुकानाची बिले एका कापडाच्या दुकानाच्या जाड पिशवीत भरून ती पिशवी खुंटीला लावलेली असते. घर शाकारताना, लग्नात, पाहुणे आले तरी ती पिशवी हलत नाही. दर वेळी दवाखान्यात जाताना ती काखोटीला मारायची आणि डॉक्टरांसमोर टेबलावर पालथी करायची. हेच आमचे आरोग्य-माहितीशास्त्र.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, हृदयाचा त्रास होता. नांदेडला उपचार झाले होते आणि रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या कायमच्या सुरू होत्या. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री ते ओसरीच्या पायरीवरून घसरून पडले, डोक्याला मार लागला. जीप मिळाली ती लातूरकडे जाणारी, म्हणून लातूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?” मावशी म्हणाली, “एक पांढरी अन् एक गुलाबी.” पिशवी खुंटीलाच राहिली होती. मावसभाऊ मोटारसायकलवर परत गावाकडे निघाला. तो पिशवी घेऊन दवाखान्यात पोचला तेव्हा उजाडले होते, आणि पिशवीचे काम उरले नव्हते.

यात कोणाची चूक होती असे मी म्हणत नाही. डॉक्टर रात्रभर उभे होते. कागद हाताशी असते तरी काका वाचले असते, असे छातीठोकपणे कोण सांगणार? पण मावशी त्या दिवसापासून आजपर्यंत एकच वाक्य बोलत आली आहे : “मी पिशवी इसरले.” एका बाईच्या डोक्यावर आयुष्यभर हे ओझे राहावे, हा कुठला न्याय?

त्या मावशीची मुलगी, आमची ताई, आज अमेरिकेत हेच शास्त्र शिकत आहे. आता कोणाला वाटेल की वडिलांच्या आठवणीने ती निर्धाराने गेली. चित्रपटात तसे झाले असते. वस्तुस्थिती साधी आहे. ताई दहावीनंतर लातूरला आली. लातूर पॅटर्नचा महिमा मी इथे सांगायला नको. आपल्यापैकी निम्म्यांची भावंडे तिथल्या खोल्यांतून राहिलेली आहेत. त्या पॅटर्नमध्ये एमबीबीएस हा एकच देव आहे, बाकीचे सारे पायरीवरचे. ताईला दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला. पदवी झाली. पुढे पदव्युत्तर जागा मिळेना, स्वतःचा दवाखाना टाकायला भांडवल नाही, आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात मिळणाऱ्या पगारात लातुरातल्या खोलीचे भाडेही निघेना. दंतवैद्य, होमिओपॅथ, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर अशा अडलेल्या मुलांना मग कोणीतरी सांगतो की परदेशात एक नवा विषय आहे, दोन वर्षांचा, वैद्यकाची पदवी चालते, प्रोग्रॅमिंग थोडेसे आले तरी भागते. ताईला एका सल्ला केंद्रात हे कळले. पुष्कळांच्या बाबतीत खरे कारण हे असते. अर्जात ते कोणी लिहीत नाही, एवढेच.

अर्जासोबत एक निवेदन द्यावे लागते. आपण हा विषय का निवडला, पुढे काय करणार, हे दोन पानांत सांगायचे. सल्ला केंद्राने तिला एक तयार नमुना दिला होता. त्यात लिहिले होते की मला लहानपणापासून तंत्रज्ञान आणि आरोग्य या दोहोंचे जबरदस्त आकर्षण होते. ताईने तो मला वाचायला दिला, कारण घरात ‘साहित्यवाली’ मीच. मी म्हटले, “ताई, लहानपणी तुला आकर्षण फक्त गाभुळलेल्या चिंचेचं होतं. हे कोणाचं लहानपण आहे?” ती हसली. मग बराच वेळ गप्प बसली. मी विचारले, “खरं सांग, का जायलीस?” तेव्हा तिने प्रथमच पिशवीचा विषय काढला. आम्ही दोघींनी त्या रात्री नमुना बाजूला ठेवून पिशवीविषयी लिहिले : खुंटी, जीप, पांढरी आणि गुलाबी गोळी. सल्ला केंद्राच्या माणसाला ते फार घरगुती वाटले. ताईने तेच पाठवले. प्रवेश मिळाला. निवेदनामुळेच मिळाला असा माझा दावा नाही; पण कलाशाखेच्या विद्यार्थिनीचा या शास्त्रात पहिला शिरकाव तो असा झाला.

आता या शास्त्राच्या पोटात काय आहे ते पाहू. संगणक हे त्याचे हत्यार. जीव मात्र शब्दांत आहे. एकाच दुखण्याला दहा डॉक्टर दहा नावांनी लिहितील तर यंत्राला ते एकच आहे हे कळायचे कसे? म्हणून प्रत्येक रोगाला ठरावीक नाव आणि क्रमांक द्यावा लागतो. मृत्यूच्या कारणांची अशी आंतरराष्ट्रीय यादी १८९३ साली स्वीकारली गेली. ती तयार करणारा झाक बर्तियों हा फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ होता. तीच वाढत वाढत आज जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची यादी झाली असून तिची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आली. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीला स्वतःची भर घालून २०१५ पासून ती वापरायला घेतली. त्या भरीत बदकाने मारले तर त्याला वेगळा क्रमांक आहे, कासवाने मारले तर वेगळा. ताईने हे फोनवर सांगितले तेव्हा मला खोटे वाटले होते.

बदकाला क्रमांक आहे, पण आमच्या आजीला रोज होते त्याला काय? आजी म्हणते, “कसंतरी होतंय.” मावशीचे म्हणणे “जीव घाबरा होतो.” शेजारची काकू डॉक्टरीणबाईंनाच, आणि तेही पदर तोंडाला लावून, सांगते की “अंगावरून जातंय.” हातापायाला मुंग्या येणे, पोटात कालवणे, उसण भरणे, डोक्यात कळ जाणे, अंग मोडून येणे, या शब्दांनी आपला मुलूख दवाखान्याची पायरी चढतो. डॉक्टर ते ऐकून इंग्रजीत काहीतरी लिहितात. ऐकलेले आणि लिहिलेले यांच्यामध्ये जे गळते त्याचा हिशेब कोणाकडे नाही. ताई म्हणते, अशक्तपणा, मरगळ यांना यादीत एक क्रमांक आहे, त्यात आजी बसेल. बसेल, पण दुसऱ्याच्या मापाचे झंपर घातल्यासारखी. शब्दाच्या अर्थछटा, बोलीतला फरक, लाजेने टाळलेला शब्द, ही कोणाची विद्या? मला वाटते, आपल्या वर्गात तास पाडून बसणाऱ्या मुलांची.

मृत्यूच्या नोंदींची कथा आणखी वेगळी. २०२१ सालच्या केंद्रीय अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी चौथा हिस्साही असा नव्हता की ज्याचे कारण डॉक्टरांनी लिहून प्रमाणित केले होते. बाकीच्यांचे कारण घरचे सांगतील ते. आमच्या आजोबांना नोंदीचे मोल फार होते. ते प्राथमिक शिक्षक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. आजोबा भाकरीची गाठोडी घेऊन मदतीला गेले तेव्हा अक्षर चांगले म्हणून त्यांच्या हाती एक वही देण्यात आली : सापडेल त्याचे नाव लिहा. त्या वहीतली एक ओळ ते नेहमी सांगत. “नाव माहीत नाही. बाई. हातात हिरव्या बांगड्या.” पुढे म्हणत, “नाव लिहायचं राहिलं की माणूस दोनदा मरतो.” आरोग्य-माहितीशास्त्राचे नाव त्यांनी जन्मात ऐकले नव्हते.

ताई तिकडे काय शिकते हे मी खोदून खोदून विचारते. संख्याशास्त्र आहे, माहितीचे कोठार कसे रचावे हे आहे, रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा १९९६ चा अमेरिकन कायदा आहे. एका संगणकाने दुसऱ्याला नोंद कळवण्याची ‘फायर’ नावाची पद्धत आहे, तिचा आगीशी संबंध नाही. हे सारे उत्तम. पण ताईच्या मते निम्मा अभ्यास तिथल्या विमा कंपन्यांना बिल कसे जाते याभोवती फिरतो. २००९ साली तिथल्या सरकारने कायदा करून दवाखान्यांनी कागद सोडून संगणक धरावा म्हणून अब्जावधी डॉलर दिले आणि हा विषय विद्यापीठाविद्यापीठांतून फोफावला. त्यांचा प्रश्न, त्यांचे उत्तर. त्यात वावगे काही नाही. आपली मुले ते उत्तर पाठ करतात आणि आपला प्रश्न विसरतात, दुःख एवढेच आहे.

आणि विसरायला कारणेही भरपूर आहेत. मावशीची तीन एकर जमीन बँकेकडे तारण आहे. विद्यार्थ्याला तिथे सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास, तेही विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. ताई भोजनगृहात ताटे विसळते. तीन तेलुगू मुलींबरोबर एका घरात राहते. देगलूर-बिलोलीला जन्मभर न गेलेली ताई अमेरिकेत जाऊन तेलुगू शिकली, याचे आम्हाला हसू येते. पदवीनंतर एक वर्ष काम करता येते, विषय तंत्राच्या यादीत बसला तर आणखी दोन. त्यापुढे नोकरीचा परवाना लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्या परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. महिनाभराने खुलासा झाला की आधीच तिथे शिकत असलेल्यांनी तिथूनच परवाना बदलून घेतला तर ते लागणार नाही. पण त्या एका महिन्यात मावशी एक रात्रही धड झोपली नाही. अशा वेळी “ताई, तू तिकडे आपल्या गावाचा विचार कर” असे म्हणायला माझीही जीभ रेटत नव्हती. डोक्यावर तीन एकराचे कर्ज असलेल्या मुलीला ध्येयवाद शिकवणे सोपे असते, विशेषतः नांदेडच्या वसतिगृहात बसून.

तरीही म्हणते. कारण आपल्या आधीही माणसे गेली आहेत, आणि त्यांची अडचण आपल्याहून लहान नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो कशावर? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. पुढे लंडनमध्ये प्रबंध केला तो रुपयाच्या प्रश्नावर. शिस्त तिथली घेतली. प्रश्न घरून नेला होता.

आणि आपल्या विषयाला अगदी लागून असलेले उदाहरण हवे तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे आहे. दोघेही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, परत आले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी तिथे सर्वांत आधी काय केले असेल तर मोजले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले की शंभरांतल्या ९२ जणींना स्त्रीरोग आहे. ज्यांना जग तोपर्यंत फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरते ओळखत होते, त्यांचे दुखणे आकड्यात आले. नंतर गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि नोंद शिकवली. त्या घरोघरच्या देखभालीने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली त्याच नियतकालिकात आले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला तोही मोजणीचाच. सरकारी कागदावर दिसत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक बालके महाराष्ट्रात मरत आहेत, हे गावोगावच्या नोंदीतून दाखवले गेले. या सगळ्यात महागडे यंत्र कुठे आहे? वही आहे, पेन्सिल आहे, आणि विश्वासाने दार उघडणारी बाई आहे.

मोजले नाही तर काय होते, हे आपल्या शेजारीच पाहा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात अशी कुजबुज वर्षानुवर्षे होती. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने ८२ हजारांवर महिलांची पाहणी केली तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तोवर ती कुजबुजच होती. आपल्या अहमदपूर, कंधार, मुखेडकडूनही दिवाळीनंतर टोळ्या निघतात. गावात क्षयाच्या गोळ्या सुरू झालेला माणूस फडावर गेला की त्याची नोंद गावात आणि तो तीनशे कोसांवर. अशा माणसामागे नोंद गेली पाहिजे, यासाठी हे शास्त्र हवे. पण नोंद गेली आणि फडावरच्या मुकादमालाही कळली तर? घरी मुलगी लग्नाची असेल तर क्षय झाला हे भाऊबंदांनाही सांगत नाहीत. माहिती कोणाला दिसावी नि कोणाला दिसू नये, हा प्रश्न संगणकाच्या कुलपाने सुटणारा नाही. त्याला गाव कळावे लागते. २०२१ पासून देशात प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळू लागला आहे. आजीचेही कार्ड एका शिबिरात निघाले. तिने ते नीट जपून ठेवले आहे. कुठे, हे सांगायला नकोच : त्याच पिशवीत.

कोणी विचारेल, मग परदेशी जायचेच कशाला? ज्याला त्याला ठरवू द्यावे. रोगांच्या नावांचा जो मोठा आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रह आहे, त्याचे भारतातले केंद्र पुण्यात सी-डॅककडे आहे. सुरुवात तिथूनही होऊ शकते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती आपल्या सूचनाफलकावर वार्षिकांकाच्या सूचनेइतक्याच ठळकपणे लागावी, अशी माझी प्राचार्य सरांना विनंती आहे. जाणाऱ्याने जरूर जावे. फक्त निघण्यापूर्वी आठ दिवस आपल्या गावच्या आशाताईंच्या मागे फिरावे, त्यांची वही कशी भरली जाते ते पाहावे. एका वहीतले तेच दुसऱ्या वहीत आणि पुन्हा मोबाइलमध्ये भरताना त्यांची दुपार कशी सरते तेही पाहावे. सल्ला केंद्राच्या नमुन्यापेक्षा चांगले निवेदन आपोआप लिहून होईल.

ताईचे हे शेवटचे सत्र. एक प्रकल्प करायचा आहे. बहुतेकांनी अमेरिकन दवाखान्यातून घरी सोडलेला रोगी किती दिवसांत परत भरती होतो, हा तयार विषय घेतला. त्याची आकडेवारी आयती मिळते आणि नोकरीलाही उपयोगी पडतो. गेल्या महिन्यात ताईचा रात्री फोन आला. म्हणाली, “आपल्याकडं बाया दुखणं कसं सांगत्यात, त्याचे शब्द गोळा करून दे. मी ते यादीतल्या क्रमांकाला जोडून बघते. सर हो म्हणलेत.” कर्जाचे काय, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. अहमदपूरच्या बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, लोह्याच्या बाजारात जे कानावर पडेल ते लिहिते. कोणाचे नाव लिहीत नाही. शब्द, वय, गाव एवढेच. आतापर्यंत दीडशेच्या आसपास झाले. सुट्टीत आजीपुढे वही उघडून बसले आणि विचारले, “आज्जी, कसंतरी होतंय म्हणजे नेमकं काय होतं?” आजी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “कसंतरी म्हंजे कसंतरीच की. तुला कधी झालं न्हाई व्हय?” मी ते तसेच लिहून घेतले आणि ताईला कळवले. तिने उलट विचारले आहे की, हे सकाळी होते की तिन्हीसांजेला, आणि जेवणाआधी की नंतर. येत्या शनिवारी गावाकडे गेले की आजीला विचारायचे आहे.